बोटांचा हिशेब

अंगठा ३० टक्के. तर्जनी मुळापासून गेली तर १४, तिचे एकच पेर गेले तर ९. मधले बोट १२. अनामिका किंवा करंगळी ७. चारही बोटे जाऊन अंगठा उरला तर ५०. पूर्ण पंजा ६०. दोन्ही हात गेले तर १००, म्हणजे कायद्याच्या लेखी माणसाची कमावण्याची सगळी ताकद संपली.

कामगार नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याला जोडलेल्या पहिल्या अनुसूचीतून आलेला हा तक्ता आहे. उजवा हात की डावा, असा भेद त्यात केलेला नाही. यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘हात’ हा विषय कळवला, तेव्हा मला हा तक्ताच आधी आठवला. वादकांच्या, विणकरांच्या, शिल्पकारांच्या हातांवर लिहिणारे असतीलच. मला या तक्त्यातले हात पाहायचे होते. म्हणून भोसरीतल्या प्रेसशॉपच्या कामगारांना भेटलो, पुण्याच्या मार्केट यार्डात हमालांबरोबर बसलो, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात थांबलो. युनियनच्या सभासदाला कामावर इजा झाली, तर भरपाईचे पैसे त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने येतात आणि वाटेत कुठे अडतात, एवढेच समजून घ्यायचे होते.

पायडल आणि सेन्सर

भोसरीतले युनियनचे कार्यालय एका हार्डवेअरच्या दुकानावर आहे. लोखंडी जिना, दोन टेबले, भिंतीवर गेल्या करारावर सह्या झाल्या त्या दिवसाचा फोटो. पहिली पाळी सुटल्यावर इथे गर्दी होते. त्या संध्याकाळी कोपऱ्यातल्या बाकावर लातूरकडचा एक तिशीचा तरुण बसला होता. उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेलेली. जखम भरली होती, पण चहाचा कप तो डाव्या हातानेच धरत होता.

पॉवर प्रेस कशी चालते हे त्यानेच समजावून दिले. खाली डाय, वर पंच. मधे पत्र्याचा तुकडा ठेवायचा, पायडल दाबायचे, पंच खाली येतो, तुकड्याला आकार येतो, तो काढायचा, पुढचा ठेवायचा. पाळीत असे हजारो वेळा. हात डायमध्ये असताना पंच खाली येऊ नये म्हणून प्रकाशाचा पडदा टाकणारा सेन्सर असतो, पुढे जाळीचा गार्ड असतो. काही मशीनना पायडलच नसते, दोन बटणे असतात. दोन्ही हातांनी ती एकदम दाबल्याशिवाय मशीन हलत नाही, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. ही सगळी व्यवस्था जुनी आहे, सगळ्यांना माहीत आहे आणि महागही नाही. पण सेन्सर लावला की वेग कमी होतो. टार्गेट पुरे होत नाही. मग सेन्सर ‘बायपास’ होतो, गार्ड काढून भिंतीला टेकवला जातो, बटणांऐवजी पायडल जोडले जाते. हे कामगार स्वतःच्या हौसेने करत नाही. सुपरवायझरच्या डोळ्यांदेखत होते, पुष्कळदा त्याच्या सांगण्यावरून.

या तरुणाच्या मशीनचा क्लच जुना झाला होता. पायडल एकदा दाबले आणि पंच दोनदा खाली आला. दुसऱ्यांदा आला तेव्हा हात तुकडा काढायला आत होता.

कायद्यात मालकाला भरपाई टाळण्याच्या मोजक्या वाटा दिलेल्या आहेत. कामगार नशेत असेल, सुरक्षेची सूचना त्याने मुद्दाम मोडली असेल किंवा गार्ड त्याने जाणूनबुजून काढला असेल, तर. मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला, तर याही वाटा बंद होतात. अपघाताच्या पहिल्या तासात अनेक ठिकाणी जी धावपळ सुरू होते, ती या ‘जाणूनबुजून’ शब्दाभोवती असते. भिंतीला टेकवलेला गार्ड परत मशीनवर येतो. सेन्सरची वायर जोडली जाते. फोटो निघतात.

गाडीत कोण बसतो

युनियनच्या कामात मला सगळ्यात मोलाची वाटली ती एक अगदी साधी गोष्ट. जखमी कामगाराला दवाखान्यात नेणाऱ्या गाडीत युनियनचा कमिटी मेंबर बसतो. या कार्यालयात तसा दंडकच आहे. मशीन बंद करून, पगार कापला गेला तरी चालेल, पण आपला माणूस गाडीत हवा.

कारण दवाखान्यातला केस पेपर. दारावर डॉक्टर विचारतात, काय झाले? उत्तर देणारा सुपरवायझर असेल, तर केस पेपरवर ‘घरी दारात बोट सापडले’ किंवा ‘गाडीवरून पडला’ असे लिहिले जाते. कळवळणारा माणूस त्या वेळी काही बोलण्याच्या अवस्थेत नसतो. बोलायच्या अवस्थेत असला, तरी ‘तुझा सगळा खर्च कंपनी करते, फक्त कंपनीत झाले म्हणू नको’ असे त्याला वाटेत सांगितलेले असते. पुढे दोन-तीन वर्षांनी न्यायालयात तोच केस पेपर दाखवला जातो. त्यावरच्या एका ओळीसमोर साक्षीदारांचे अर्धे बोलणे वाया जाते.

कमिटी मेंबर गाडीत असला, की केस पेपरवर कंपनीचे नाव, मशीन आणि वेळ येते. कामावरची इजा म्हणून पोलिसांकडे जाणारी नोंद होते. तो त्याच दिवशी कंपनीला पत्र देतो आणि पोच घेतो. अपघाताच्या वहीत काय लिहिले ते पाहतो. कामगार ४८ तासांत कामावर परतू शकला नाही, तर कारखान्याने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला अपघात कळवायचा असतो. तो कळवला का, हे विचारत राहतो. यातले एकही काम अवघड नाही. पण जखमी माणूस ते स्वतः करू शकत नाही. त्याच्या बायकोला यातले काही ठाऊक नसते. शेजारच्या मशीनवरच्या दोस्ताला उद्याच्या पाळीची धास्ती असते.

या तरुणाचा पगार कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, म्हणजे ईएसआयच्या, २१,००० रुपयांच्या मर्यादेत होता, म्हणून त्याचे प्रकरण तिकडे गेले. या योजनेत पगाराचा सव्वातीन टक्के हिस्सा मालक भरतो आणि पाऊण टक्का कामगार. कामावरच्या इजेचा लाभ मिळायला किमान इतके दिवस वर्गणी भरलेली हवी, अशी अट नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी बोट गेले, तरी हक्क आहे. बरे होईपर्यंत सरासरी रोजंदारीच्या ९० टक्के रक्कम मिळते. पुढे वैद्यकीय मंडळ टक्के ठरवते आणि त्या टक्क्यांनुसार आयुष्यभर दरमहा पैसे येतात. रोज ६०० रुपये धरला, तर त्याचे ९० टक्के ५४० आणि त्यातले १४ टक्के ७५ रुपये ६० पैसे. महिन्याला साधारण २,२६८ रुपये. तर्जनीची ही मासिक किंमत.

ईएसआयचा लाभ घेणाऱ्याला मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. दोहोंतले जास्त फायद्याचे निवडायचीही सोय नाही. पगार मर्यादेबाहेर असेल किंवा आस्थापना योजनेत येत नसेल, तर मात्र नुकसानभरपाईचा कायदा. त्याचा हिशेब वेगळा. महिन्याच्या पगाराच्या ६० टक्के घ्यायचे आणि वयानुसार दिलेल्या आकड्याने गुणायचे. तिशीच्या माणसाचा आकडा २०७.९८, पन्नाशीच्या माणसाचा १५३.०९. जानेवारी २०२० पासून या हिशेबात पगार जास्तीत जास्त १५,००० धरला जात आला. त्याआधी जवळजवळ दहा वर्षे तो ८,००० वर थांबला होता. तिशीच्या कामगाराचे १०० टक्के नुकसान म्हणजे १८,७१,८२० रुपये. त्याचे १४ टक्के २,६२,०५५ रुपये. करारामुळे ज्याचा पगार तीस हजारांवर गेला आहे, त्याचे बोटही पंधरा हजारांच्याच भावाने मोजले जात आले. पगारवाढीसाठी युनियन वर्षानुवर्षे भांडते आणि अपघात झाला की वाढलेल्या पगाराचा निम्मा भाग हिशेबातून गळतो. याबद्दल कामगारांमध्ये फार कमी बोलले जाते, याचे मला वाईट वाटले.

लोखंडे यांची मागे पडलेली मागणी

नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव रविवारच्या सुट्टीमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरल्या, ५,५०० कामगारांनी सह्या केलेले निवेदन तयार झाले आणि त्यात साप्ताहिक सुट्टीची मागणी होती. १० जून १८९० रोजी ती मान्य झाली. शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते.

त्याच निवेदनात आणखीही मागण्या होत्या. दुपारी अर्धा तास विश्रांती. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि गिरणीत काम करताना कामगाराला इजा झाली, तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार द्यावा, कायमचा अधू झाला तर त्याच्या उपजीविकेची सोय करावी. सत्यशोधक समाजातून आलेल्या, ‘दीनबंधू’ चालवणाऱ्या या माणसाने हे मागितले, तेव्हा देशात नोंदणीकृत कामगार संघटना ही गोष्टच नव्हती. संघटना नोंदवण्याचा कायदा १९२६ चा.

सुट्टी सहा वर्षांत मिळाली. इजेच्या मागणीला कायद्याचे रूप यायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. १९२३ चा कायदा १ जुलै १९२४ रोजी लागू झाला. तोही लोखंडे यांच्या मागणीपेक्षा तोकडा. बरे होईपर्यंत पूर्ण पगार त्यांनी मागितला होता. कायद्याने तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर पंधरवड्याला मासिक पगाराचा चौथा हिस्सा दिला, म्हणजे निम्मा पगार. ९० टक्क्यांपर्यंत पोचायला ईएसआय यावी लागली. तिचा पाया प्रा. बी. पी. आडारकर यांच्या १९४४ च्या अहवालाने घातला. त्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांभाळत होते. महाराष्ट्रात ही योजना १९५४ मध्ये नागपूर आणि मुंबईपासून सुरू झाली. पूर्ण पगाराची मागणी मात्र आजही अपूर्णच आहे.

तरीही १९२३ च्या कायद्याने काही फार शहाण्या गोष्टी आणल्या. कामगार मेला, तर भरपाई मालकाने परस्पर विधवेच्या हातात ठेवायची नाही. ती भरपाईच्या आयुक्तांकडे भरायची आणि आयुक्त वारसांमध्ये वाटणार. स्टॅम्प पेपरवर, दुःखाच्या पहिल्या आठवड्यात, सासरच्या किंवा गावच्या कुणाच्या दबावाखाली ‘एवढे मिळाले, तक्रार नाही’ असे लिहून घेण्याला कायद्यात किंमत नाही. हक्क सोडून देणारा करारच रद्दबातल ठरतो. महिन्याच्या आत पैसे दिले नाहीत, तर १२ टक्के व्याज. कारण नसताना उशीर केला, तर वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. मालकाला अपील करायचे असेल, तर आधी पूर्ण रक्कम जमा करायची.

आणि एक तरतूद खास युनियनसाठी आहे. आयुक्तांपुढे कामगारातर्फे वकीलच उभा राहिला पाहिजे असे नाही. नोंदणीकृत युनियनचा पदाधिकारीही उभा राहू शकतो. भोसरीच्या त्या कार्यालयात साठीतले एक कार्यकर्ते आहेत. स्वतः टर्नर होते, वकिलीची पदवी नाही, पण अशी प्रकरणे त्यांनी आयुष्यभर लढवली. जाड फायली कापडात बांधून ठेवतात. नवीन मुले त्यांना काका म्हणतात आणि अपघात झाला की वकिलाआधी त्यांना फोन लावतात.

टक्के हाताचे की कामाचे

काकांबरोबर कामगार न्यायालयात गेलो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे किंवा दिवाणी न्यायालयाचे न्यायाधीशच भरपाईचे आयुक्त म्हणून काम पाहतात. व्हरांड्यात हात गळ्यात बांधलेले, कुबड्या घेतलेले, मृताचा फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन आलेले लोक उभे असतात. तीन महिन्यांत निकाल लागावा, असे कायदा म्हणतो. तारखा मात्र वर्षांच्या हिशेबाने पडतात.

इथे सगळ्यात मोठी लढाई टक्क्यांची असते. तक्त्यात तर्जनी १४ टक्के आहे. पण कोणाची तर्जनी? तीच बोटे घेऊन सूक्ष्ममापी वापरणाऱ्या तपासनिसाची, वायरमनची, शिवणकाम करणाऱ्या बाईची की रखवालदाराची? डॉक्टर शरीराचे अपंगत्व सांगतात. कायद्याला मोजायची असते कमावण्याची ताकद. या दोन गोष्टी एक नाहीत आणि मालकाचा किंवा विमा कंपनीचा वकील त्या एकच असल्यासारखे बोलतो.

ओरिसातल्या जयपूर गावच्या एका सिनेमागृहात नक्षीकाम करणाऱ्या सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला होता. तक्त्याप्रमाणे हे अंशतः अपंगत्व. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, सबब त्याची कमाईची ताकद पूर्ण गेली, असे आयुक्तांनी ठरवले आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. भरपाई निकालाच्या नव्हे, अपघाताच्या दिवसापासून देय होते, हेही त्याच निकालाने पक्के केले. पन्नास वर्षे हा निकाल कामगारांच्या बाजूच्या जवळजवळ प्रत्येक युक्तिवादात येतो.

पण त्याचा उपयोग करायचा, तर कामगार नेमके काय काम करत होता, हे सांगणारे कोणीतरी लागते. हजेरी पत्रकावर ‘हेल्पर’ असते आणि माणूस सहा वर्षे प्रेस चालवत असतो. शेजारच्या मशीनवरचा माणूस पिंजऱ्यात उभा राहून हे सांगेल का? युनियन नसेल, तर तो येत नाही. त्याला दोष देता येत नाही. त्याचीही पोरे शाळेत आहेत. युनियन असेल, तर साक्ष देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गेटवर अडवायला कंपनी धजत नाही.

भरपाईनंतरचा प्रश्न त्याहून कठीण. नोकरी राहणार का? सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आले, तर काढता येत नाही, अशी तरतूद २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. खासगी कारखान्याला ती लागू नाही. ईएसआयचा इजेचा भत्ता चालू आहे, तोवर काढता येत नाही. तो संपला की ते संरक्षणही संपते. मग ‘लाइट ड्यूटी’ मिळवून देणे हे सर्वस्वी युनियनच्या जोरावर. लातूरच्या त्या तरुणाला स्टोअरमध्ये काम मिळाले, कारण युनियनच्या करारात तसे कलम होते. तो कायदा वाचून आला नव्हता. टक्के आणि गुणाकाराबद्दल त्याला फारसे बोलायचेही नव्हते. स्टोअरमध्ये ओव्हरटाइम मिळत नाही आणि बहिणीचे लग्न ठरते आहे, हे त्याने दोनदा सांगितले.

मालक कोण, हे यार्डात सुटलेले कोडे

कारखान्यात निदान गेटवर मालकाचे नाव असते. मार्केट यार्डात हमाल दिवसाला कितीतरी गाळ्यांवर पोती वाहतो. सकाळी कांदा, दुपारी गूळ, मधे कोणाचा तरी ट्रक. थप्पी कोसळून पाय मोडला, तर तो कोणाचा कामगार? व्यापारी म्हणतो ट्रकवाल्याचा, ट्रकवाला म्हणतो व्यापाऱ्याचा. ज्यांच्यासाठी माणूस वर्षानुवर्षे पाठीवर पोती वाहतो, त्यांच्यातल्या एकाचाही तो कोणी नसतो.

पुण्यात डॉ. बाबा आढाव आणि हमाल पंचायत, मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी हे कोडे रस्त्यावर उतरून सोडवले. १९६९ च्या महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायद्याने मधे मंडळ आणले. व्यापारी मंडळाकडे नोंदणी करतो, हमालही करतो. मजुरी मंडळामार्फत येते आणि मजुरीवर व्यापाऱ्याकडून लेव्ही घेतली जाते. तिच्यातून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस आणि इतर लाभ दिले जातात. नुकसानभरपाईचा कायदा या नोंदीत कामगारांना लावायची सोय त्याच कायद्यात केली आणि जिथे मजुरी मंडळ वाटते, तिथे भरपाईपुरता मालक म्हणून मंडळच उभे राहील, असे ठरवले. ज्याचा मालक सापडत नव्हता, त्याला कायद्याने मालक मिळवून दिला. महाराष्ट्राने देशाला दिलेल्या कायद्यांत रोजगार हमीइतकेच मोठे स्थान मी याला देईन.

यार्डात दुपारी काम थंडावते, तेव्हा टोळ्या गाळ्यांच्या सावलीत बसतात. टोळीतल्या एका मुकादमाने थप्पी कशी पडते हे सांगितले. खालचे पोते ओले राहिले, ते दबले, की वरची रांग झुकते. झुकताना आवाज येत नाही. ट्रकला लावलेली फळी पावसाळ्यात निसरडी होते, पाय सरकला तरी डोक्यावरचे पोते सोडून देता येत नाही, कारण मागे दुसरा माणूस चढत असतो. टोळीतला माणूस पडला, की मुकादम आधी माणूस उचलतो आणि लगेच मंडळाच्या कार्यालयात निरोप पाठवतो. गाळ्याचा नंबर, ट्रकचा नंबर, वेळ. भोसरीत गाडीत बसणारा कमिटी मेंबर जे करतो, तेच इथे मुकादम करतो. संध्याकाळी टोळी आपल्या मजुरीतून जखमीच्या घरी पैसे पोचवते. मंडळाचे पैसे कागद फिरून येतात, चूल त्याच दिवशी पेटवावी लागते.

इथे मात्र एक मोठे भोक आहे, आणि प्रत्येक टोळीत त्याची साक्ष देणारे बसलेले दिसतात. पन्नाशीतल्या हमालाची कंबर. गुडघे. मानेचे मणके. यातले काही एका दिवसात, एका वेळेला घडलेले नाही. कायदा अपघाताला पैसे देतो आणि अनुसूचीत दिलेल्या व्यवसायजन्य रोगांना देतो. कापसाच्या धुळीने गिरणी कामगाराची छाती भरते, तो रोग यादीत आहे. तीस वर्षे पोती वाहून झिजलेला हमालाचा मणका यादीत नाही. पोत्याचे वजन शंभर किलोंवरून पन्नासवर यावे, यासाठी हमाल संघटना इतकी वर्षे का झगडल्या, हे कंबरेला पट्टा बांधून बसलेल्या त्या माणसांकडे पाहिले की समजते. ज्या इजेला भरपाई नाही, ती होऊच न देणे एवढाच मार्ग त्यांच्याकडे होता.

पहाटे तीनची पाळी

‘कामामुळे आणि कामाच्या ओघात’ घडलेल्या अपघाताला भरपाई, असे कायदा म्हणतो. हा ओघ कुठे सुरू होतो?

उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यातला रखवालदार २२ एप्रिल २००३ रोजी मोटारसायकलवरून कामाला निघाला होता. त्याची पाळी पहाटे तीन ते सकाळी अकरा. कारखाना पाचेक किलोमीटरवर राहिला असताना अपघात झाला आणि तो गेला. मागे पत्नी, मुले, आई. आयुक्त म्हणून बसलेल्या दिवाणी न्यायाधीशांनी ३,२६,१४० रुपये आणि १२ टक्के व्याज मंजूर केले. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते रद्द केले: अपघात रस्त्यावर झाला, कामावर नव्हे. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा निकाल पुन्हा उभा केला. पहाटे तीनला हजर राहायचे असलेला माणूस त्या वेळी त्या रस्त्यावर दुसऱ्या कशासाठी असणार, असा त्यामागचा सरळ विचार. ईएसआय कायद्यात २०१० मध्ये घातलेली जाण्यायेण्याच्या अपघाताची तरतूद आणि १९२३ चा कायदा एकाच उद्देशाचे आहेत, म्हणून वेळ, जागा आणि काम यांचा धागा दिसत असेल, तर घरून कामावर जातानाचा आणि परततानाचा अपघातही कामाच्याच ओघातला, असे न्यायालयाने म्हटले.

बावीस वर्षे. कर्त्या माणसाच्या मृत्यूच्या दिवशी पहिलीत असलेले मूल एवढ्या काळात तिशीच्या जवळ येते. ज्या शिक्षणासाठी, ज्या घरासाठी ही रक्कम होती, त्यांची वेळ निघून जाते आणि व्याजाने ती भरून निघत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९२३ चा कायदा व ईएसआयचा कायदा तिच्यात सामावले गेले. जाण्यायेण्याच्या अपघाताची तरतूद आता भरपाईच्या प्रकरणातच स्पष्ट लिहिलेली आहे. वयाचे आकडे आणि इजांचा तक्ता अनुसूचीत पुढे चालू आहेत. अंगठ्याची किंमत शंभर वर्षांनंतरही टक्क्यांतच आहे. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर झोपून फडाकडे जाणाऱ्या कुटुंबाला या नव्या ओळीचा उपयोग होईल का, हे मात्र तो मजूर कोणाचा, या जुन्या प्रश्नावर अडते. मुकादमाकडून उचल घेतलेल्या ऊसतोड मजुराचे नाव कारखान्याच्या हजेरीवर नसते.

त्याच शेडमधले दुसरे

भोसरीच्या कार्यालयात शेवटी गेलो, त्या दिवशी कमिटीची बैठक होती. विषय वेगळाच निघाला. त्याच शेडमध्ये, त्याच प्रेसवर, रात्रपाळीत काम करणाऱ्या एका ठेकेदारी मुलाची दोन बोटे गेली होती. बिहारकडचा, विशीतला. युनियनचा सभासद नाही, कारण ठेकेदारी कामगारांना सभासद करून घ्यायचे की नाही, हे कमिटीने कधी ठरवलेच नव्हते. त्या रात्री गाडीत सुपरवायझर होता आणि ठेकेदाराचा माणूस. केस पेपरवर खोलीतल्या पंख्यात हात गेल्याचे लिहिले आहे. ईएसआयचे कार्ड निघाले ते अपघातानंतर. ठेकेदाराने स्टॅम्प पेपरवर सही घेऊन पन्नास हजार दिले आणि गावी जायला सांगितले.

कायद्याने त्या मुलाची वाट अजून मोकळी आहे. सहीला किंमत नाही. ईएसआयचे कार्ड उशिरा काढले म्हणून हक्क बुडत नाही, कारण नोंदणी करणे ही मालकाची जबाबदारी. ठेकेदार पळाला, तर काम करून घेणारी कंपनी जबाबदार. दोन बोटे म्हणजे २० टक्के. पण अपघाताच्या वेळी मशीनवर कोण होते, पंच दुसऱ्यांदा कसा आला, सेन्सर बंद होता का, हे सांगू शकणारे सगळे या बैठकीत बसलेले, कायम कामगार.

चर्चा बराच वेळ चालली. करार तोंडावर आहे, ठेकेदारीचे प्रकरण हाती घेतले तर कंपनी बोलणी लांबवेल, असे एकाचे म्हणणे. ही मुले आपल्या जागा खातात, त्यांच्यासाठी आपण का भांडायचे, असेही एकजण बोलला आणि त्याला दोघांनी मान डोलावली. लातूरचा तरुण आधी गप्प होता. मग तो म्हणाला, मशीन तेच आहे. क्लच अजून बदललेला नाही, त्याच्या अपघातानंतर पत्र देऊनही. उद्या त्या पायडलवर आपल्यातलाच कोणी बसेल.

काकांनी फाइल उघडून कोऱ्या कागदावर तारीख घातली. मुलाचा फोन नंबर कोणाकडे आहे, विचारले. तो अजून चिखलीतल्या खोलीवर आहे, गाडीचे तिकीट पुढच्या आठवड्याचे आहे, असे कळले. साक्ष द्यायला रात्रपाळीचे कोण कोण तयार आहेत, त्यांनी हात वर करावे, असे काका म्हणाले. तीन हात वर आले. सभासदत्वाचा मुद्दा पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचे ठरले आणि खोलीवर जायला दोघे लगेच निघाले.